चक्की चालू व्हती

सहाची एस्टी धरली.
त्याच गाडीत निरंजनची माय.
मांडीवर डबा, फडक्यात गाठ मारलेला,
कोर्टात पोराले देता आला त पाहाव म्हनून.
माह्यापासून दोन शीट पुढे बसली.
अचलपूर येईलोक तिनं मागं पायलं नाई,
मी खिडकीतून बाहेर पायलं,
बाहेर अंधारच व्हता.
दर आठ दिवसाले ज्वारी आनते ती माह्याकडे,
बारीक दय रे श्रावन म्हनते,
जाडसर असलं का भाकर फाटते.

समन्स तिसऱ्यांदा आलं तवा घेतलं.
पयल्यांदा मी सांगतलं, श्रावन भोयर घरी नाई.
मीच सांगतलं, माह्याच दारात उभा राहून.
हवालदारबी हासला.

पिंजऱ्यात हात कुठी ठेवाचे तेच समजेना.
रातीच घासून धुतलेले,
तरी नखात पीठ.

मी म्हनलं, त्यानं त्याले कुऱ्हाडीनं हानलं.
साहेब बोलत गेले, टायपिंगवाला पोट्टा लिहित गेला:
'आरोपीने मयताच्या मानेवर कुऱ्हाडीने वार केला.'
केशवचा मयत झाला,
निरंजनचा आरोपी,
मी साक्षीदार क्रमांक चार.
एकाच शायेत, एकाच मास्तरनं,
निंबाच्या एकाच फोकानं तिघायले झोडपलं व्हतं,
ते कशात लिहिलं नाई.

मंग त्यायचा वकील उठला.
किती अंतर? हापशीलोक तीस पावलं.
उजेड? पाच वाजले व्हते, लाइन नुकतीच आलती.
देठ्यायशी तुमची उधारीवरून कटकट झाली होती?
झाली व्हती. वही हाय घरी, पाहून घ्या.
मयत काय ओरडला?

आयकू नाई आलं.

का?

चक्की चालू व्हती.

मग ओरडला हे कशावरून?

तोंड उघडं दिसलं साहेब.
समोरचा अर्धा दात, बैलानं पाडलेला.
तीस पावलावरून दात दिसत नाई कोनाले.
मले दिसला.

'साक्षीदारास आवाज ऐकू आला नाही.'
टकटक टकटक. पुढची ओय.

सारं इचारलं.
खिडकीची जायी, चष्म्याचा नंबर,
दारू पितो का, कोनती पितो.
एवढंच कोनी इचारलं नाई, का
मंग तू चक्की बंद केली का?

खटका हाताजवय व्हता. एक वीत.
वरच्या टोपल्यात दाने बाकी,
लाइन कवा जाईन सांगता येत नाई,
असं काहीतरी आलं डोक्यात,
नाईतर काहीच आलं नसन.
टोपलं खाली होईलोक
मी पिठाखाली डबा धरून उभा राह्यलो.
निरंजननं हापशीवर हात धुतले,
एका हातानं दांडा मारत, एक हात धारेखाली,
मंग दुसरा.

दयन केशवचंच व्हतं.
दयून ठेव, बिडी पिऊन येतो, म्हनला व्हता.
डब्यावर खडूनं 'के. मो.' लिहिलेलं.
पंचनाम्यात कोनी घेतला नाई,
त्याच्या बायकोनं मांगला नाई,
अडीच वर्सं झाले, फयीवर हाय.
आत काय झालं असन
ते मी झाकन उघडून पायलं नाई.

भत्ता भेटला. सही केली.
येताना उभ्यानं आलो.

नवव्या दिवशी निरंजनची माय आली.
एक दिवस उशिरा.
ज्वारी ओट्यावर ठेवली,
बारीक दय म्हनली नाई.
मी खटका दाबला, दाने सोडले.
अन् मंग, पट्टा पुरा फिराले लागल्यावर,
ती काहीतरी बोलली.
तोंड हाललं. लय येय हाललं.

ह्या बारी मी बंद केली.
पन चक्की एकदम थांबत नाई,
फिरत राह्यते आपल्याच जोरानं.
पट्टा थांबेलोक
तिचं बोलून झालं व्हतं.